दीड हात

शिंपी अंगाचं माप घेतो.
मी अंगापासूनचं घेते.
फितीचं एक टोक गिऱ्हाइकाच्या छातीशी,
दुसरं माझ्या हातात,
आणि मी भिंतीकडून एकेक पाऊल पुढे येते.
"नकोसं वाटलं की थांब म्हणा."

बहुतेक जण म्हणत नाहीत.
आधी हसतात. मग हनुवटी आत जाते,
खांदा किंचित वळतो,
आणि आकडा मी त्या खांद्यावरून वाचते.

मोकह्वा मात्र लगेच म्हणाली, थांब.
दीड हात. वर चार बोटं.

जोंजूतल्या जुन्या हमामात ती अंग घासून देते,
बत्तीस वर्षं.
पाठी, पोटऱ्या, सिझेरियनचे व्रण,
ओल्या चटईवर पालथ्या पडून
नवऱ्यांविषयी बोलणाऱ्या बायका.
"दिवसाला चौदा अंगं," ती म्हणाली.
"संध्याकाळी पुलावरून घरी जाताना
मासळीवाली पाठीत थाप मारते. मायेनंच मारते.
मला ते पंधरावं अंग वाटतं."

तुतीच्या सालीचा कागद घेतला,
दोघांनी ओढला तरी न फाटणारा,
वर तेलाचा हात दिलेला.
या देशात कधीकाळी त्याची चिलखतं करत म्हणे,
थरावर थर, बाणाला पुरून उरणारी.
मला थाप अडवायची होती.
ते जास्त अवघड.

डोंगर, दरी, डोंगर, दरी.
हाडाच्या पट्टीनं घडीवर घडी दाबत
अंगठ्याला घट्टा पडला.
बरगडीवरून रेशमाचा दोरा नेला:
श्वास रोखला की तो ताणतो,
आणि गळ्याभोवती निजलेले एकशे बारा सुळके
उठून उभे राहतात.
कुणी जवळ आलं की आपण श्वास रोखतो,
हे तिला ठाऊक नव्हतं.
मला तिच्या खांद्यानं सांगितलं होतं.

पहिला नमुना जेवताना उघडला.
दुसरा शिंकेला.
तिसऱ्यात ती थेट साळिंदर दिसली,
आरशात बघून हसली,
तर हसण्यालाही उघडला.

चौथा घालून ती पुलावर गेली.
आता खरं सांगायचं तर कागद कुणाला अडवत नाही.
लहान मुलाच्या बोटानंही मोडतो.
पण मोडण्याआधी कुरकुरतो,
आणि ते समोरच्याला ऐकू जातं.
मासळीवालीचा हात हवेतच राहिला.
"अगंबाई, केवढं कष्टाचं काम," ती म्हणाली
आणि सुक्या माशांची जुडी
लांबूनच पुढे केली.

थंडी सरता सरता मोकह्वा परत आली.
डावी बाजू सपाट.
नव्या कपड्याची घडी मोडतात, तशी नव्हे ही.
"कुणी केलं?"
"मीच."
गुन्सानहून बहीण आली होती.
सात वर्षांचा अबोला,
आणि बसच्या पायरीवर ती, हातात एकच पिशवी.
मोकह्वाचा श्वास अडकला.
सगळे सुळके उभे.
दोऱ्याला काय कळतं
कुठला श्वास कशासाठी अडकला ते!
ती तशीच पुढे गेली, चुरगाळत.

"इथे कडी बसव," डाव्या काखेपाशी बोट ठेवून म्हणाली.
"आतून."

कागदाला कडी.
महिना झाला. टेबलाखाली ढीग वाढतोय.
डावी उघडली की उजवी अडते,
दोन्ही जमल्या तर गळा काचतो.

काल ती हमाम बंद करून आली,
बोटांची कातडी पाण्यानं सुरकुतलेली.
खुंटीवरची फीत काढली.
"तुझं माप कुणी घेतलंय?"

टोक माझ्या छातीशी धरायला लावून
ती भिंतीपर्यंत मागे गेली.
एक पाऊल आली.
दोन.
साबणाचा वास आला, मग त्याखालचा कोळशाचा.
"थांब म्हण हं," ती म्हणाली.

फीत ढिली होऊन आमच्यामध्ये
जमिनीवर लोळत होती.
मी आकडा शोधत होते तिच्यावर,
आणि माझी हनुवटी
कुठे होती
मला सांगता येणार नाही.